कॉलेजजवळचा तीन बेडरूमचा फ्लॅट विद्यार्थ्यांना भाड्याने देण्यासाठी घ्यावा का?

चौकट

कॅम्पसच्या मुख्य फाटकापासून पायी पंधरा मिनिटांवर एक फ्लॅट बघितला आहे. तीन बेडरूम, दोन बाथरूम, तिसरा मजला. सध्या सहा विद्यार्थी राहतात आणि त्यांचा करार शैक्षणिक वर्षाबरोबर संपतो. फर्निचर विक्रेता घेऊन जाणार आहे. रकमा इथे लिहीत नाही, किंमत १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात देतो. भाडं महिन्याला ०.५० येतं असं दलाल सांगतो, म्हणजे वर्षाला ६ टक्के. कर्ज ७५ काढायचा विचार आहे, २० वर्षांसाठी, ९ टक्के व्याजाने.

हे ६ टक्के खरे धरायचे का? फ्लॅट एका ग्रुपला द्यावा की कॉट बेसिसवर, म्हणजे प्रत्येक खाटेचं वेगळं भाडं घेऊन? आणि टोकन देण्याआधी घरात नेमकं काय तपासावं? हे काम कळणाऱ्यांनी सविस्तर लिहिलं तर फार बरं होईल.

हिशेबवही

दलालाचे ६ टक्के म्हणजे बारा महिन्यांच्या भाड्याला नुसत्या किमतीने भागलंय. भाडं बारा महिने येत नाही आणि घर नुसत्या किमतीत पडत नाही.

आधी घर कितीला पडतं ते बघू. मुद्रांक, नोंदणी, दलाली, वकील मिळून ८ धरा. रंग, वायरिंग, नळकाम आणि सहा जणांचं फर्निचर मिळून ७, त्यातलं फर्निचर ४. म्हणजे घर तुम्हाला ११५ ला पडलं.

आता भाडं. परीक्षा संपली की मुलं आठवड्याभरात निघून जातात आणि पुढचे प्रवेश होईपर्यंत घर बंद. एक महिना रिकामा गेला की वर्षाच्या उत्पन्नातले ८.३ टक्के गेले, दोन महिने गेले की १६.७. सुरुवातीला १० महिन्यांचंच भाडं धरा: ५.००. त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर ०.६०. दुरुस्ती आणि रंग ०.५०. फर्निचर सहा वर्षांनी बदलावं लागतं, त्यासाठी दरवर्षी ०.६७ बाजूला. विमा, जाहिरात, करारनामा ०.२५. एकूण २.०२ गेले, उरले २.९८. त्याला ११५ ने भागा, २.६ टक्के येतात. आयकर यात धरलेला नाही. खर्चाचे हे आकडे मी अंदाजाने घातलेत, तुमच्या इमारतीच्या पावत्या बघून ते बदला, पण मांडणी हीच ठेवा.

कर्जाचं गणित याहून कडक आहे. ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक १०० मागे महिन्याचा हप्ता ०.९० येतो. ७५ वर तो ०.६७५ झाला. भाडं ०.५०, हप्ता ०.६७५, म्हणजे घर पूर्ण भरलेलं असतानासुद्धा दर महिन्याला तुम्ही खिशातून भरणार. वर्षाचा हप्ता ८.१ आणि हातात येणार २.९८, तूट ५.१२. हाती उरणारं भाडं हप्त्याच्या सव्वापट असावं हा सावध नियम लावला तर हे घर जेमतेम २२ चं कर्ज पेलतं. ७५ कर्ज काढायचं असेल तर तुम्ही भाड्याच्या उत्पन्नासाठी घर घेत नाही आहात, किंमत वाढेल या आशेवर घेत आहात. तसं घ्यायला हरकत नाही, पण ते स्वतःशी स्पष्ट असू द्या आणि वर्षाला ५.१२ कुठून येणार ते आधी लिहून काढा.

मागणीबद्दल. विद्यार्थी-संख्या किती हा आकडा सगळे विचारतात, उपयोगी आकडा वेगळा असतो: बाहेरगावचे विद्यार्थी वजा होस्टेलच्या खाटा. कॉलेजच्या प्रवेशपुस्तिकेत जागा आणि होस्टेलची क्षमता दोन्ही दिलेली असतात. पहिल्या वर्षाला होस्टेल सक्तीचं आहे का, कॅम्पसमध्ये नवीन होस्टेलचं बांधकाम चालू आहे का, एखादा विभाग दुसरीकडे हलणार आहे का, हे कॉलेजच्या कार्यालयात आणि निविदांच्या सूचनांत कळतं. पाचशे खाटांचं एक होस्टेल उघडलं की आसपासच्या फ्लॅटांचं भाडं दोन वर्षं हलत नाही, आणि सगळ्यात आधी रिकामी होतात ती लांबची घरं.

म्हणून ते पंधरा मिनिटांचं अंतर नीट तपासा. दहा मिनिटांत माणूस साधारण ८०० मीटर चालतो. नकाशावरची सरळ रेघ उपयोगाची नाही, रस्त्याने चालून बघा, आणि मुख्य फाटकापर्यंत नको, मुलं जिथे वर्गांना बसतात त्या इमारतीपर्यंत. मोठ्या कॅम्पसमध्ये फाटकापासून वर्गापर्यंत आणखी दहा मिनिटं सहज जातात. मागचं लहान दार वापरात असेल तर तेच घर अचानक जवळचं ठरतं, पण ते दार किती वाजता बंद होतं तेही विचारा. एकदा अंधार पडल्यावर चाला. लायब्ररीतून रात्री परतताना रस्त्यावर दिवे नसतील तर मुली तो फ्लॅट घेणार नाहीत आणि तुमचे निम्मे भाडेकरू तिथेच गेले.

आणि एकाच कॉलेजच्या भरवशावर घर घेऊ नका. २०२० मध्ये जगभर कॅम्पस बंद झाले तेव्हा फक्त विद्यार्थ्यांसाठी सजवलेल्या खोल्या रिकाम्या राहिल्या. ज्या घरात उद्या एखादं कुटुंब किंवा नोकरदार माणसं राहू शकतील, तेच घ्या. हॉलमध्ये पार्टिशन घालून चौथी खोली केलेली असेल तर ती जमेची बाजू समजू नका. विकताना असं घर फक्त दुसऱ्या गुंतवणूकदारालाच विकता येतं.

चौकट

हप्त्याचं गणित मी असं मांडलंच नव्हतं. शेजारच्या इमारतीत कॉट बेसिसवर एका कॉटचे ०.११ घेतात. सहा कॉटचे ०.६६ झाले. त्याने फरक पडेल का?

दस्त

पडतो, पण वाटतो तितका नाही. कॉट बेसिसवर वीज, पाणी, इंटरनेट, सामाईक जागेची सफाई हे सगळं मालकाकडे येतं. ते महिन्याला ०.१२ धरा. सहाही कॉट भरलेल्या असतील तर ०.५४ उरतात, म्हणजे पूर्ण फ्लॅट देण्यापेक्षा ०.०४ जास्त. एक कॉट रिकामी राहिली की ०.४३, म्हणजे पूर्ण फ्लॅटपेक्षा ०.०७ कमी. म्हणजे वर्षभर सहापैकी सहा कॉट भरण्याची खात्री असेल तरच हा प्रकार परवडतो, आणि सहा वेगवेगळी मुलं सहा वेगवेगळ्या तारखांना येतात-जातात. त्यात हॉल कोणी घाण केला, फ्रिजमधलं कोणी खाल्लं, नळ कोणी तोडला, या प्रत्येक भांडणात मालक ओढला जातो. जवळ राहून रोज लक्ष घालणारं माणूस नसेल तर पूर्ण फ्लॅट एका ग्रुपलाच द्या.

खोलीत दोघं राहू शकतील का हेही मोजून बघा. कितीतरी ठिकाणी एका घरात नात्यात नसलेली किती माणसं राहू शकतात यावर स्थानिक नियम असतात, आणि इमारतीच्या स्वतःच्या नियमावलीत विद्यार्थ्यांना घर देण्यावर अटी असतात. नियमावलीची प्रत मागून वाचा, सचिवाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. खोलीच्या आकाराला एक पक्कं माप हवं असेल तर इंग्लंडमध्ये २०१८ पासून परवान्याच्या सामाईक घरांत एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर आणि दोघांच्या खोलीला १०.२२ चौरस मीटर लागतात, म्हणजे सुमारे ७० आणि ११० चौरस फूट. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, याहून लहान खोलीत दोन कॉट, दोन टेबलं आणि दोन कपाटं मावत नाहीत. भाडेकरू दुसरी जागा मिळताच निघतात.

करारावर नंतर लिहितो, आधी घर तपासून घ्या.

पान्हा

घर बघायला सकाळी जा, सगळे आंघोळी करत असतात तेव्हा. पाण्याचा दाब, गिझर, वीज यांची खरी स्थिती तेव्हाच दिसते.

गिझरपासून सांगतो. १५ लिटरची टाकी, २ किलोवॅटचं हीटर. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला साधारण २१ मिनिटं लागतात. थंड पाणी मिसळून त्याचं ४० अंशांचं ३० लिटर होतं, म्हणजे एक जण मोकळेपणाने आंघोळ करतो आणि दुसऱ्याला थांबावं लागतं. सहा जण, दोन बाथरूम, म्हणजे एका बाथरूमला तिघं. तिसऱ्याची पाळी पहिल्यानंतर पाऊण तासाने. आठ वाजताचा तास असेल तर रोज भांडण, आणि मग कोणीतरी बादलीत इमर्शन रॉड घालतं. विजेचे अपघात नेमके तिथे होतात. दोन्ही बाथरूममध्ये २५ लिटरचे गिझर बसवा. ते पुन्हा तापायला ३५ मिनिटं लागतात, पण एका भरणीत दोघांचं भागतं.

मग मीटरपाशी या. २३० व्होल्टवर ३२ अँपियरचा मेन असेल तर घर जास्तीत जास्त ७.३ किलोवॅट ओढू शकतं. आता सकाळचा भार बघा: दोन गिझर ४, इंडक्शन २, किटली १.५, इस्त्री १. साडेआठ किलोवॅट इथेच झाले, एसी अजून धरलाच नाही. मेन ट्रिप होणार. ट्रिप होणं वाईट नाही, तो आपलं काम करतोय. वाईट काय, तर वारंवार ट्रिप होतो म्हणून कोणीतरी १६ अँपियरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) काढून २५ किंवा ३२ चा बसवतं आणि भिंतीतली तार तीच बारीक राहते. मग एमसीबी पडत नाही आणि तार आतल्या आत भाजत राहते. वायरमनला सोबत न्या, मेन बंद करून बोर्डाचं झाकण उघडायला लावा. टर्मिनलपाशी तारेचं आवरण तपकिरी किंवा कडक झालेलं असेल, करपल्याचा वास येत असेल, तर पूर्ण वायरिंगचा खर्च धरूनच भाव करा. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलीमीटर, पॉवर पॉइंटना २.५, गिझर आणि एसीला प्रत्येकी बोर्डापासून स्वतंत्र ४ ची तांब्याची तार हवी. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पहिल्याच दिवशी बसवा. अर्थिंग मोजून घ्या, कारण तीन पिनांचा सॉकेट दिसतो पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते.

प्रत्येक अभ्यासाच्या टेबलाशी तीन सॉकेट द्या. कमी दिले की एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा एक्स्टेंशन बोर्ड लागतो, तो गादीखालून जातो आणि आग तिथून सुरू होते.

बाथरूमच्या गळतीसाठी तुमचा फ्लॅट बघू नका, खालच्या मजल्यावर जा. दुसऱ्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूमचं छत बघा. ओल, पांढरा क्षार, फुगलेला रंग दिसला तर ते पाणी तुमच्या घरातून झिरपतंय आणि फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करायचं काम तुमच्या गळ्यात पडणार आहे. फरशीच्या जाळीवर दोन बादल्या एकामागून एक जोरात ओता. पाणी घोट्यापर्यंत साचलं तर जाळीखालचा ट्रॅप (वास अडवायला थोडं पाणी साचून राहतं तो भाग) तुंबलाय. सहा जणांच्या केसांनी तो दर सत्राला तुंबतो, म्हणून आतली वाटी हाताने काढता येईल असाच ट्रॅप हवा. सुट्टीत घर बंद असताना ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि ड्रेनेजचा वास आणि झुरळं वर येतात. मुलं गेल्यावर प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वरून दोन चमचे गोडं तेल ओतून ठेवा, तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला विसरू नका.

पाणी माणशी रोज १०० ते १३५ लिटर लागतं, सहा जणांना सहाशे ते आठशे. इमारतीत पाणी दिवसातून किती तास येतं आणि फ्लॅटची स्वतःची टाकी किती लिटरची आहे, ते त्या मुलांनाच विचारा. ती खरं सांगतील.

चौकट

एका बाथरूममध्ये आतच गॅस गिझर आहे. विक्रेता म्हणतो तो राहू द्या, विजेचं बिल वाचेल.

पान्हा

काढून टाका. यात दुसरा पर्यायच नाही. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग माणूस खाली कोसळतो आणि दाराला आतून कडी असते. एक्झॉस्ट फॅन लावून भागेल असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका. फॅन मुलं बंद ठेवतात, आणि थंडीत तर खिडकीच्या फटीसुद्धा कागदाने बुजवतात. गॅसवरचा गिझर ठेवायचाच असेल तर तो बाथरूमबाहेर, उघड्या हवेत, धूर बाहेर नेणाऱ्या नळीसह हवा.

असंच गांभीर्याने बघायची आणखी एक गोष्ट म्हणजे खिडक्यांच्या जाळ्या. घराला एकच दार असेल आणि सगळ्या जाळ्या पक्क्या बसवलेल्या असतील तर आग लागल्यावर बाहेर पडायला जागा नाही. एका तरी खोलीची जाळी आतून, किल्लीशिवाय उघडणारी करून घ्या. मुख्य दाराचं कुलूपही आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. प्रत्येक झोपायच्या खोलीत धुराचा अलार्म, स्वयंपाकघरात अग्निरोधक ब्लँकेट आणि एक लहान अग्निशामक. हा खर्च फर्निचरच्या मानाने किरकोळ आहे.

फर्निचर घेताना लोखंडी कॉट घ्या. लाकडी कॉटच्या सांध्यांत ढेकूण शिरले की सगळं घर रिकामं करून औषध मारावं लागतं. गादीला चेनचं धुता येणारं कव्हर घाला. टेबल ९० बाय ६० सेंटिमीटरचं, त्याहून लहान टेबलावर वही आणि लॅपटॉप एकत्र मावत नाही. भुश्याच्या बोर्डाची स्वस्त कपाटं ओल्या पुसणीने खालून फुगतात, दोन वर्षांत दार लागत नाही. प्लायवूड घ्या किंवा कपाट दोन इंची पायांवर चढवा. भिंतींना धुता येणारा रंग द्या, आणि सगळ्या खोल्यांना एकाच छटेचा, म्हणजे पुढच्या वर्षी एका भिंतीला हात मारायचा तर डबा जुळवत बसावं लागत नाही.

दस्त

आता करार. एका ग्रुपला देताना सहाही जणांच्या सह्या एकाच करारावर घ्या आणि भाड्याची जबाबदारी सर्वांची एकत्र तसंच प्रत्येकाची स्वतंत्र आहे, हे शब्द घाला. ते नसतील तर एक मुलगा मध्येच गेला की उरलेले पाच जण आपापला वाटा देऊन मोकळे होतात आणि सहावा वाटा बुडतो. प्रत्येकाच्या पालकाकडून वेगळं जामीनपत्र घ्या, कारण विद्यार्थ्याचं स्वतःचं उत्पन्न नसतं आणि वसुली करायची वेळ आली तर हातात कागद लागतो.

मुदत शैक्षणिक वर्षाशी जुळवा. हे सर्वांत महत्त्वाचं आहे. करार सत्राच्या मध्यात संपला तर त्या महिन्यात नवीन भाडेकरू मिळतच नाही. शक्य असेल तर बारा महिन्यांचा करार करा आणि सुट्टीच्या दोन महिन्यांचं भाडं कमी दराने लावा. मुलांना सामान ठेवायला जागा मिळते आणि तुमचं घर पूर्ण रिकामं राहत नाही. विम्यालाही ते बरं, कारण अनेक पॉलिसींत घर सलग ३० किंवा ६० दिवस बंद राहिलं तर चोरी आणि पाणीगळतीचं संरक्षण कमी होतं. पॉलिसीतलं ते कलम शोधून वाचा, आणि घर भाड्याने दिलंय हे विमा कंपनीला लेखी कळवा.

प्रवेश रद्द झाला किंवा बदली झाली म्हणून एखाद्याला सोडायचं असेल तर त्याने बदली भाडेकरू आणावा, तुम्ही कागदपत्रं बघून मान्य करावा, आणि तो येईपर्यंत जुन्याचं भाडं चालू राहावं. पोटभाड्याला स्पष्ट मनाई.

अनामतीची भांडणं एकाच कारणाने होतात: घर देताना ते कसं होतं याची नोंद नसते. किल्ली देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, सुरुवात विजेच्या मीटरच्या रीडिंगपासून करा, गाद्यांच्या दोन्ही बाजू, नळ चालू करून, गिझरचा दिवा लावून. सामानाची यादी दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांची. रंग फिका पडणं ही नेहमीची झीज आहे, त्याचे पैसे कापू नका. दाराला पडलेलं भोक हे नुकसान, त्याचं बिल जोडून कापा आणि उरलेली रक्कम करारात लिहिलेल्या दिवसांत परत द्या. मुलं पुढच्या तुकडीला तुमच्याबद्दल काय सांगतात यावर पुढच्या वर्षीचा ग्रुप मिळतो.

विजेचं बिल भाड्यात धरू नका. एसी असेल तर त्या खोलीला सबमीटर लावा. १.५ किलोवॅटचा एसी आठ तास चालला तर कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होत असला तरी रोज आठ-नऊ युनिट जातात, आणि ते बाकीच्या चौघांत वाटले की घरात तंटा लागतो.

जाहिरात नवीन सत्राच्या चार महिने आधी. त्याच्याही आधी, राहत्या ग्रुपला विचारा की कोण राहणार आहे आणि त्यांच्या मागची मुलं येऊ शकतील का. तसा ग्रुप मिळाला तर रिकामे महिने निम्म्यावर येतात.

हिशेबवही

दस्त यांच्या सूचनेप्रमाणे बारा महिन्यांचा करार झाला आणि आधी बाराही महिने पूर्ण भाडं मिळालं असं धरून पुन्हा हिशेब केला. ६.०० वजा २.०२, म्हणजे ३.९८, आणि ११५ वर साडेतीन टक्के. दोन महिने अर्ध्या दराने दिलेत तर साधारण तीन. या भावात ७५ चं कर्ज कुठल्याच मांडणीत बसत नाही, त्यामुळे किंमत खाली आणा नाहीतर स्वतःची रक्कम वाढवा.

भाव करायला बसाल तेव्हा विक्रेत्याकडून दोन वर्षांचे भाड्याचे बँक उतारे मागा. दलालाचा ०.५० तिथे दिसला पाहिजे, आणि कुठले महिने कोरे आहेत तेही दिसेल. आत्ता राहणाऱ्या सहा जणांचा मूळ करार वाचा. त्यांची अनामत विक्रेत्याकडे आहे, आणि खरेदीनंतर ती परत करायची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. म्हणून ती रक्कम खरेदीच्या शेवटच्या हप्त्यातून वळती करून घ्या, खरेदीखतात तसं लिहा, आणि ताबा घ्यायच्या दिवशी मीटरचं रीडिंग विक्रेत्याच्या सहीनिशी नोंदवा.